काचताईचा अंगठा

एका सोमवारी काचताईच्या उजव्या अंगठ्यानं संप पुकारला, आणि त्याच आठवड्यापासून आचाऱ्याचे ग्रह फिरले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं प्रयोगशाळेत कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शिकलेली माणसं होती सगळी. पण शिकलेली माणसं यंत्रांवर संशय घेतात, रसायनांवर घेतात, एकमेकांवर तर आवडीनं घेतात. छपन्न वर्षांच्या बाईच्या अंगठ्यावर कोण घेणार?

काचताई म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे नमुने तयार करणारी बाई. अकरा वर्षं तिचं काम एकच. काचेच्या लांबट पट्टीवर पॉलिमरचा मोहरीएवढा कण ठेवायचा, छोट्या तापपट्टीवर तो वितळू द्यायचा, वरून नखाएवढी पातळ काच लावायची, आणि हळूहळू थंड करून नमुना पुढे द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, करून बघावं. दिवसाला तीस काचा, मान खाली, श्वास रोखून. संध्याकाळी मानेचं लाकूड झालेलं असायचं. दमली होती ती. आजकालची नव्हे, बऱ्याच वर्षांची दमली होती. पण दमलेय म्हणून सांगायला समोर कुणीतरी रिकामं माणूस लागतं, आणि तिच्या आयुष्यात रिकामं असं कुणी नव्हतं.

आचारी म्हणजे वरच्या मजल्यावरचा रसायनवाला. चंबूत पॉलिमर शिजवायचा म्हणून आचारी, आणि त्यानं काढलेल्या प्रत्येक खेपेला सगळे 'घाणा' म्हणायचे. साठीला टेकलेला, वर्षावर्षाच्या करारावर काम करणारा, आणि स्वतःच्या मालाबद्दल सुगरणीपेक्षा हळवा.

त्याचं पॉलिमर साधंसुधं नव्हतं. साध्या प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या लोकरीच्या गुंत्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. याच्या साखळ्या ताठ, काड्यांसारख्या. वितळल्या तरी त्या आपली शिस्त पुरती सोडत नाहीत. वाहतात, पण घोळक्याघोळक्यानं, आणि एका घोळक्यातल्या साऱ्या एका दिशेला तोंड करून. याला द्रव-स्फटिक म्हणतात. गोची एवढीच, की प्रत्येक घोळक्याची दिशा निराळी. सगळे घोळके एकाच दिशेला लावायचे तर वितळलेला माल ताणावा लागतो, बारीक भोकातून ढकलावा लागतो, काही ना काही जबरदस्ती करावीच लागते. ती केली की धागा असा मजबूत निघतो, की पोलादानं मान खाली घालावी.

आणि आचाऱ्याच्या नव्या पॉलिमरची ख्याती अशी, की त्याला जबरदस्ती लागत नाही. वितळवा, हळू थंड करा, साखळ्या आपसूक एका दिशेला लागतात. पाच वर्षं प्रत्येक घाण्यात हेच दिसलं होतं. प्रकाश गाळणाऱ्या दोन काचांमधून बघितलं की सबंध नमुना एकसारखा सोनेरी उजळायचा, आणि नमुना ठेवायची बैठक पंचेचाळीस अंश फिरवली की एकदम काळा व्हायचा, एक ठिपका मागे राहायचा नाही. या शोधावर प्रयोगशाळेच्या सरांचं चार ठिकाणी नाव झालं होतं, आणि याच शोधावर छबी डॉक्टर होणार होती.

छबी काचताईची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा छबी नऊ वर्षांची होती. तेव्हापासून दोन खोल्यांत मावशी आणि भाची, तिसरं कुणी नाही. छबीचं शिक्षण, दुखणीखुपणी, रुसवेफुगवे, सगळं मावशीनं एकटीनं काढलं. आता प्रबंधाची दोनशे बारा पानं लिहून झाली होती. त्यातलं तिसरं प्रकरण सरांचं विशेष लाडकं. साखळ्या नेहमी काचपट्टीच्या लांबीच्याच दिशेनं का लागतात, हे छबीनं त्यात समजावून सांगितलं होतं. उष्णता लांबीच्या दिशेनं निघून जाते आणि साखळ्या तिच्यामागून जातात, असं काहीसं. आलेख होते, समीकरणं होती, बावीस पानं होती. महिनाअखेर प्रबंध सादर व्हायचा होता.

तर अंगठा. मुळाशी सूज आली आणि काच काय, साधं पेन धरवेना. डॉक्टरांनी मनगटापासून अंगठ्यापर्यंत कडक पट्टा बांधला आणि दीड महिना अंगठा हलवायचा नाही म्हणून सांगितलं. रजा घ्या, असंही म्हणाले. काचताई नुसती हसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं डाव्या हातात चिमटा धरून काचा लावायला सुरुवात केली. वरून सरळ ठेवायची, झालं. कडेला बुडबुडे राहायचे, तिला लाज वाटायची. पण लाज वाटून घ्यायलाही जोर लागतो.

त्याच आठवड्यात आचाऱ्याचा एकेचाळिसावा घाणा खाली आला. छबीनं सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि बराच वेळ डोकं वर काढलं नाही. सोनेरीचं नाव नव्हतं. नुसती ठिगळं. इथे उजळ, तिथे काळं, मधूनमधून दोऱ्यांसारख्या काळ्या रेघा. बैठक फिरवली तर एक ठिगळ विझायचं आणि शेजारचं पेटायचं. घोळके आपापल्या दिशेला, कुणाचा कुणाला पत्ता नाही. बेचाळिसावा घाणा तसाच. त्रेचाळिसावाही तसाच.

"वय झालंय त्यांचं," सर म्हणाले. "वजनं चुकत असतील, नाहीतर तापमान. पाच वर्षं नीट आला ना माल? मग आत्ताच काय झालं?"

खापर फोडायला डोकं मिळालं, की माणसाला कसं हलकं वाटतं. तरी सर अन्याय करणारे नव्हते. त्यांनी रीतसर पडताळा घ्यायला सांगितला. जुन्या अडतिसाव्या घाण्याची बरणी कपाटात होती. तो घाणा तर नक्की चांगला. त्याचा नमुना नीट आला, की दोष नव्या मालाचा हे सिद्ध. काचताईनं डाव्या हातानं तोही लावला. तोही ठिगळंच निघाला. सर म्हणाले, "बरणीला हवा लागली असणार." माणसाचं एकदा ठरलं, की उलटा आलेला पुरावासुद्धा त्याला सुलटा करून घेता येतो. त्यासाठीच तर एवढं शिकायचं असतं.

शुक्रवारी अकरा वाजता बैठक ठरली. आचाऱ्याचा करार पुढे चालवायचा नाही, एवढा एकच विषय.

बुधवारी दुपारी पट्ट्याखाली असह्य खाज सुटली. खोलीत कुणी नव्हतं. काचताईनं पट्टा सोडला, हात धुतला, जरा मोकळा ठेवला. तापपट्टीवर त्रेचाळिसाव्याचा एक कण वितळून तयार होता. पट्टा पुन्हा चढवेपर्यंत तो करपला असता, म्हणून तिनं उजव्या हातानंच काच उचलली आणि लावून टाकली. अंगठ्यातून कळ गेली. नमुना निवल्यावर सवयीनं तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

सोनेरी. या कडेपासून त्या कडेपर्यंत सोनेरी. बैठक फिरवली, सगळं काळं. तिनं दुसरा कण घेतला, डाव्या हातानं काच ठेवली. ठिगळं. तिसरा घेतला, उजव्या हातानं. सोनेरी. चौथ्या वेळी ती कणाकडे बघतच नव्हती, स्वतःच्या हाताकडे बघत होती. अंगठ्यानं काच टेकवली, आणि टेकवता टेकवता ज्वारीच्या दाण्याएवढी पुढे सरकवली. लांबीच्या दिशेनं. तिला न विचारता.

काचताई स्टुलावर बसली.

ती नोकरीला लागली तेव्हा इथे साध्या प्लास्टिकचं काम चालायचं. काच लावताना जराशी सरकवली की बुडबुडे कडेनं निघून जातात आणि नमुना स्वच्छ दिसतो, हे तिचं तीच शिकली होती. साध्या प्लास्टिकला त्यानं काही फरक पडत नव्हता. मग हे काड्यांसारख्या साखळ्यांचं काम आलं, आणि अंगठ्याला कुणी सांगितलंच नाही की आता असं करायचं नाही. या मालाला तेवढी सरक पुरेशी होती. विस्कटलेल्या केसांवरून एकदाच कंगवा फिरवावा, तसे सगळे घोळके एका दिशेला बसत, आणि माल इतका घट्ट की बसले ते बसले. नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं, काच अलगद ठेवावी, सरकवू नये. नमुना-वहीत 'काच कशी लावली' असा रकानाही होता. त्यात काचताई पाच वर्षं एकच शब्द लिहीत आली होती, 'नेहमीप्रमाणे', आणि त्याखाली सर न चुकता सही करत आले होते. क्ष-किरण तपासणीला जाणाऱ्या पॉलिमरच्या पातळ पापुद्र्यांचंही तेच. तेही हिच्याच काचांमधून सोडवून घेतलेले. सगळी तपासणी शेवटी एका अंगठ्याखालून जात होती.

म्हणजे पॉलिमरमध्ये काही विशेष नव्हतं. आचाऱ्याच्या मालात काही बिघडलंही नव्हतं. आणि छबीच्या प्रबंधात काही उरलं नव्हतं.

तिनं पट्टा पुन्हा बांधला, त्या चार काचा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या आणि घरी गेली.

त्या संध्याकाळी छबी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून प्रबंधाच्या पहिल्या पानावरचे आभार वाचून दाखवत होती. "आणि माझी मावशी, जिच्या हातांशिवाय यातलं एकही चित्र निघालं नसतं. कसं वाटतं? फार होतंय का?"

"फार होतंय," काचताई म्हणाली आणि भांडी घासायला घेतली, एका हातानं. सांगायचं होतं तिला. पण सांगितलं की काय काय होणार, ते एकामागून एक डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या कशाचीच तिच्यात ताकद नव्हती. दीड महिना भरला की पट्टा निघेल, काचा पुन्हा सोनेरी येतील, तोवर छबीचा प्रबंध सादर झालेला असेल. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. दमलेल्या माणसाला गप्प बसणं फार जवळचं वाटतं. आचारी जाईल, तो तसाही साठीचा आहे, असं ती मनाशी म्हणाली आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

गुरुवारी जिन्यात आचारी भेटला. कठड्याला धरून हळूहळू उतरत होता.

"काचताई, एक विचारू? तुम्ही माझा माल रोज बघता," तो म्हणाला. "वितळताना काही वेगळा वाटतो का? रंग, वास, काही?"

"नाही हो. तसाच आहे."

"मी दोन वेळा तराजू तपासला. एकेचाळीसच्या वेळी मी रात्रीचा नीट झोपलो नव्हतो, तेव्हा वाटलं तिथेच काहीतरी राहिलं. पण बेचाळीसला तर मी प्रत्येक गोष्ट मोठ्यानं म्हणून टाकली, शाळकरी पोरासारखी." तो एक पायरी उतरला. "काल घरी बायको म्हणाली, गॅस चालू ठेवून तुम्ही उठलात. पूर्वी असं होत नव्हतं माझं. सर म्हणतात ते खरं असेल. माणसाला स्वतःचं कळत नाही."

माणसाची नोकरी जाणं काचताईनं मनात कसंबसं बसवलं होतं. पण हा माणूस स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावून बसला होता, आणि तो विश्वास तिच्या रुमालात बांधलेला होता.

संध्याकाळी तिनं छबीला खुर्चीवर बसवलं आणि सांगून टाकलं. आढेवेढे घेतले नाहीत, तेवढा दम नव्हता. चार काचा टेबलावर मांडल्या. "ही डाव्या हाताची. या तीन उजव्या हाताच्या. चारी त्रेचाळिसाव्या घाण्याच्याच आहेत. मी काच सरकवते, छबे. मला माहीत नव्हतं, पण पहिल्यापासून सरकवते."

छबी रडेल, भांडेल, निदान तोंडाला येईल ते बोलेल, असं तिला वाटलं होतं. छबीनं एक काच उचलून दिव्यासमोर धरली, जसं काही नुसत्या डोळ्यांना दिसणार होतं, आणि परत ठेवली.

"दुसऱ्या वर्षी तू तापानं पडली होतीस," ती म्हणाली. "दहा दिवस. तेव्हा मी स्वतः लावल्या होत्या काचा. नऊ लावल्या."

"मग?"

"नऊच्या नऊ ठिगळं. मी कुणाला दाखवल्या नाहीत, कचऱ्यात टाकल्या. तू कामावर आल्यावर तुला तेवढं सांगितलं. तू काय म्हणालीस आठवतंय?"

काचताईला आठवत होतं.

"तू म्हणालीस, छबे, तुझ्या हाताला वळण नाही, दे इकडे. आणि तू लावलीस ती पहिल्या झटक्यात सोनेरी आली. मग मी परत कधी हात घातला नाही." छबीचा आवाज अगदी सपाट होता. "त्या नऊ काचा बरोबर होत्या, मावशी."

काचताईला त्या दिवसाचं आणखीही आठवलं. तिला किती बरं वाटलं होतं ते आठवलं. एवढ्या शिकलेल्या पोरीला जे जमत नाही ते आपल्याला जमतं, या आनंदात ती आठवडाभर हवेत होती. त्या नऊ काचा कशा लावल्या होत्या, हे तिनं एकदा तरी विचारलं असतं, तर छबीची तीन वर्षं वाचली असती. हे आता बोलून काय उपयोग होता? तरी ती बोलली. म्हणाली, "माझं चुकलं."

"माझंही," छबी म्हणाली. "फेकल्या मी."

शुक्रवारी बैठक सुरू व्हायच्या आधीच छबी मावशीला घेऊन सरांच्या खोलीत शिरली आणि आचाऱ्यालाही वरून बोलावून घेतलं. तापपट्टी, सूक्ष्मदर्शक, काचा, एकच बरणी. काचताईनं पट्टा सोडून एक काच सरकवून लावली, छबीनं एक सरळ ठेवली. मग छबीनं स्वतः एक सरकवली, मुद्दाम आडवी. साखळ्या आडव्या लागल्या. तिसऱ्या प्रकरणाची बावीस पानं तिथल्या तिथे निकालात निघाली, आणि निकालात काढणारी छबी स्वतःच होती.

सरांनी तिन्ही नमुने बघितले. पुन्हा बघितले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीन निबंध छापून गेलेत," ते म्हणाले. "ते मागे घ्यायला पत्र लिहावं लागेल. आणि तुझा प्रबंध—"

"मी आज मागे घेते," छबी म्हणाली. "नव्यानं करायचं तर दोन वर्षं लागतील."

"अडीच," सर म्हणाले. त्यांनी नमुना-वहीचं एक पान उलटलं, मग दुसरं. 'नेहमीप्रमाणे' आणि खाली त्यांची सही, 'नेहमीप्रमाणे' आणि खाली सही. वही त्यांनी मिटून टाकली. आचाऱ्याला ते एवढंच म्हणाले, की करार चालू राहील, तपासायला सगळे घाणे परत लागतील.

आचारी खुर्चीच्या कडेवर बसला होता. "म्हणजे एकेचाळिसावा चांगला होता?"

"सगळे सारखेच होते, काका," छबी म्हणाली. "पहिल्यापासून."

सुटकेचा एक श्वास त्यानं सोडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. "सारखेच म्हणजे... साधे."

"हो."

त्यानं दोन-तीनदा मान हलवली. पाच वर्षं घरी, दारी, लग्नकार्यांत त्यानं ज्याच्याबद्दल सांगितलं असेल, ते पॉलिमर चारचौघांसारखं निघालं होतं. पण तराजू बरोबर होता, डोकं ठिकाणावर होतं. दारापाशी जाऊन तो वळला. "काचताई, आधी तो पट्टा बांधा. सूज वाढलीय तुमची."

याचं काचताईला फार वाईट वाटलं. तो चिडला असता तर तिला सोसलं असतं.

सोमवारी छबीनं पहिल्या घाण्यापासून सुरुवात केली. कण ठेवला, वितळू दिला, चिमट्यानं काच उचलली. काच तिरकी बसली, कडेला भला मोठा बुडबुडा अडकला. काचताई शेजारीच होती. तिला बघवेना. उठून तिनं हात पुढे केला.

"नको, मावशी," छबी म्हणाली. "तू हात लावू नकोस."

रागानं म्हणाली नव्हती. एक नियम सांगावा तसं म्हणाली, तापपट्टीवरची नजर न काढता. काचताई पुन्हा स्टुलावर बसली. तिला नुसतं बसून राहा असं कुणी म्हणावं, याची तिनं किती वर्षं वाट बघितली होती. छबीनं दुसरा कण ठेवला, आणि काचताई दोन्ही हात मांडीवर घेऊन तो वितळायची वाट बघत बसली.